नवी कॅरॅव्हॅन येतेय म्हणे! आपल्या किनाऱ्यावर चालेल का?

खाडीपलीकडे
मंडळी, नव्या कॅरॅव्हॅनचा, म्हणजे चाकांवरच्या घराचा, तो फोटो एव्हाना सगळ्यांपर्यंत पोचला असेलच. धुकं, त्यात एक लाल टेललाइट, वर गुंडाळलेल्या ऑनिंगची (बाजूला ओढायच्या कापडी छपराची) कड आणि खाली "लवकरच". आमच्याकडे गणपती घरी आणताना तोंडावर रुमाल टाकतात, तसला प्रकार. कंपनी पुण्याकडची. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय आणि धाग्यातून त्यांची फुकट जाहिरात व्हायला नको.

बाहेर आलेलं एवढंच, की तीन प्रकार येणार. दोघांसाठी छोटी, चौघांसाठी मोठी आणि गाडीमागे ओढायची एक. दिवाळीच्या आसपास. किंमत गुलदस्त्यात.

मी गुहागरला असतो. चिपळुणात एकाकडे ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली जुनी कॅरॅव्हॅन विकायला आहे. ती घेऊन मोकळं व्हावं की नवीसाठी कळ काढावी? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, रेवसपासून रेडीपर्यंतचा आपला किनारा डोळ्यांसमोर आणा आणि सांगा, नव्या गाडीत काय असलं तर ती इथे खरोखर वापरता येईल? आतल्या दिव्यांचे रंग आणि टीव्हीचा आकार यांवर बाकी सगळीकडे चर्चा चालू आहे, ती तिकडेच राहू द्या.

सुरमई_फ्राय
मी पयली! जागा राखून ठेवते. आत्ता तवा गॅसवर आहे.

डिझेलदादा
थांबा. नवी घ्यायला नव्हे, नवी आली की जुनीचा भाव उतरेल म्हणून थांबा. पहिल्या लॉटची गाडी नेहमी दुसऱ्याला घेऊ द्यावी आणि आपण वर्षभर त्याची रडगाणी वाचावीत.

बाकी ब्रोशर हातात आलं की पहिला आकडा बघायचा तो लांबीचा. ट्रॅव्हलरमध्येसुद्धा ३३५० मिलिमीटर चाकांतराची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आणि ४०२० ची, या चालवायला दोन वेगळ्या गाड्या आहेत. हायवेवर फरक कळत नाही. हायवे सोडून खाली किनाऱ्याकडे उतरलात की कळतो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर फणसाची फांदी, फांदीखाली केबलवाल्याची लोंबती वायर आणि समोरून लाल डबा. एसटी रिव्हर्स घेत नाही, हा कोकणातला अलिखित कायदा आहे. मागे जायचं ते तुम्ही, पार मागच्या देवळापर्यंत.

छतावर एसीचा डबा धरला तर उंची तीन मीटरच्या आसपास जाते. तेव्हा लांबी, मग उंची, मग रुंदी. पलंग किती इंची ते सगळ्यात शेवटी.

पुणेरी_पाटी
एक बाळबोध शंका. एवढ्या पैशांत दापोलीकडे चार गुंठे येतील आणि उरलेल्यात जन्मभर लॉजवर राहता येईल. गाडीत झोपायची हौस का? (उत्तर देणे बंधनकारक नाही.)

डिझेलदादा
@पुणेरी_पाटी चार गुंठे ओढत देवगडला नेता येत नाहीत.

पुणेरी_पाटी
मान्य. १-०.

पोफळीखालून
नमस्कार. एरवी मी नुसती वाचते. पण आमचं दिवेआगरला छोटं होमस्टे आहे आणि अलीकडे "आमची गाडी तुमच्या वाडीत लावू का, आत आम्हीच झोपू" असे फोन येतात, म्हणून लिहिते.

लावा की. आम्हाला खोली आवरायला नको, चादरी धुवायला नकोत, जेवणाचे आणि जागेचे पैसे मिळतात. पण गाडी बनवणाऱ्यांनी एकदा कोणाच्या तरी वाडीत राहून बघावं. गेल्या मे महिन्यात एक कुटुंब आलं होतं, माणसं भली. सकाळी निघताना गाडीखालची तोटी उघडली आणि भांड्यांचं तेलकट, साबणाचं पाणी थेट पोफळीच्या आळ्यात. मी ओरडले तर म्हणतात, "पाणीच आहे ना काकू." ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमची निम्मी बाग आडवी झाली. ही झाडं त्यानंतर लावलेली आहेत. पोफळ धरायला किती वर्षं जातात ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून पटत नाही.

संडासाच्या पेटीत ते निळं औषध घालतात ना, त्याचीही तीच गत. ती पेटी आमच्या सेप्टिक टँकमध्ये ओतू देत नाही मी. औषधाने टाकीतले जंतू मरतात, मग नुसता गाळ साठतो आणि उपसायची गाडी बोलवावी लागते. तिचे पैसे कोण देणार?

आणि वीज. पंधरा अँपिअरचा एक सॉकेट पडवीत आहे, खुशाल वापरा. फक्त संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज पडतं. तुमचा एसी सुरू झाला की माझा पंप गुरगुरतो आणि बंद पडतो.

सुरमई_फ्राय
काकू, फोन नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. पाणी बादलीत धरून तुम्ही सांगाल तिथे नेऊन ओतेन, शप्पथ.

टॉर्क_रेंच
काकूंचा प्रतिसाद त्या कंपनीच्या डिझाइन खात्यात मोठ्या अक्षरांत छापून लावायला हवा.

विजेचंच घ्या. टीझरखाली बारीक अक्षरात "बाहेरच्या विजेशिवाय रात्रभर एसी" असं लिहिलंय. आता हिशेब करू. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण सव्वा युनिट. छोटा इन्व्हर्टर एसी सरासरी ५००-६०० वॅट खातो असं उदार मनाने धरू. आठ तासांचे झाले चार ते पावणेपाच युनिट. म्हणजे तसल्या चार बॅटऱ्या फक्त गार झोपेसाठी. फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप अजून धरलेच नाहीत.

आता भरायची कशी? छतावर ४०० वॅटची पॅनेलं असली तर चांगल्या उन्हाच्या दिवशी दीड-पावणेदोन युनिट मिळतात. एका रात्रीच्या एसीसाठी जवळजवळ तीन दिवसांचं ऊन. त्यात आपण गाडी लावतो आंब्याखाली. सावली हवी की वीज, एक काय ते ठरवा. चालत्या इंजिनावरून ४० अँपिअरने चार्ज केलं तर तासाला अर्धा युनिट, म्हणजे दिवसभर गाडी हाकली तर रात्र निभते. जे लोक एका जागी चार दिवस पाय पसरून बसणार, त्यांना काकूंचा सॉकेट लागणारच.

म्हणून माझी मागणी एसीची नाही, चार्जरची आहे. १६० व्होल्टवरही न रुसता चालेल आणि बाहेरून किती अँपिअर ओढायचे ते मला बटणाने ठरवता येईल असा. पाचवर ठेवला की बॅटरी रात्रभर सावकाश भरते आणि काकूंचा पंपही चालतो. असले चार्जर बाजारात आहेत. पण ब्रोशरच्या फोटोत ते दिसत नाहीत, म्हणून कोणी बसवत नाही.

बोंबील_बहाद्दर
टॉर्कभाऊ, पंखा लावून खिडकी उघडी ठेवली तर?

टॉर्क_रेंच
डिसेंबर-जानेवारीत उत्तम. मे महिन्यात रात्री घामाने गादीवर माणसाची आकृती उमटते. आणि मच्छरदाणी घट्ट बसणारी हवी, खाडीकाठच्या डासांना ब्रोशर वाचता येत नाही.

सुरमई_फ्राय
आले. मूळ प्रश्नाला माझं एकच उत्तर. आत मासे तळता येतील का? नसतील येत तर ती गाडी कोकणासाठी नाही, विषय संपला.

बोंबील_बहाद्दर
आत तळशील तर पुढच्या मालकालाही वास येईल. पडदे, गाद्या, छताचं कापड, सगळं शोषून घेतं. आमच्या मित्राने भाड्याच्या गाडीत सुके बोंबील भाजले होते. डिपॉझिट परत मिळालं नाही.

सुरमई_फ्राय
सुके?? बंद गाडीत?? त्याला गाडी भाड्याने दिलीच कोणी?

डिझेलदादा
बाजूच्या दारातून बाहेर सरकणारी शेगडी हवी. ऑनिंगखाली उभं राहून तळा, वास खाडीवर. इंडक्शनच्या भानगडीत पडू नका, वरचा बॅटरीचा हिशेब वाचा.

टॉर्क_रेंच
गॅस असेल तर एक गोष्ट डिलिव्हरीच्या वेळी वाकून बघा. सिलिंडरचा कप्पा गाडीच्या आतल्या बाजूने पूर्ण बंद हवा आणि त्याच्या तळाला खाली उघडणारं भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो. भोक नसेल तर तो पलंगाखाली साठतो. नीटनेटकं दिसावं म्हणून हे भोक बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. आणि रेग्युलेटर दरवर्षी बदला, खाऱ्या हवेत त्याची स्प्रिंग गंजते.

मालवणी_मसालो
अरे मेल्यांनो, गाडी अजून येवंक नाय आणि तुम्ही तिचो पंचनामो करतास! आदी येवंदे तर खरी.

पुणेरी_पाटी
पंचनामा आधी केला की अपघात टळतो. हे आमच्याकडे पाटीवर लिहिलेलं असतं.

हर्णै_बंदर
एसी, शेगडी ठीक आहे हो. गंजाचं कोणी बोललंच नाही.

मी बोटींच्या कामात आहे. इंजिनं बसवणं, फायबरची डागडुजी, हेच करत आलो. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी करणार असाल तर ती गाडी म्हणून बघू नका, होडी म्हणून बघा. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला स्टीलचे स्क्रू मारले आणि त्यावर खारं पाणी उडालं की दोन धातूंमध्ये वीज खेळते आणि पत्रा खाल्ला जातो. आधी स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते, मग रंग फुगतो, मग बोट दाबलं की आत जातं. स्क्रू स्टेनलेसचा आहे म्हणून खूश होऊ नका, स्टेनलेस चकाचक राहतो आणि भोवतालचा पत्रा जातो. मधे नायलॉनचा वायसर आणि सीलंट पाहिजे, नाहीतर सरळ फायबरची बॉडी.

आतलं फर्निचर कशाचं, ते विचाराच. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय असेल तर ठीक. पार्टिकल बोर्डावर लाकडाचं स्टिकर लावलेलं असेल तर एका पावसाळ्यात पुठ्ठा होतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आम्ही होड्या वर ओढून शाकारतो. तसंच या गाडीलाही पावसाळ्यात घर लागणार, आणि ते घर हवेशीर हवं. ताडपत्री घट्ट बांधून ठेवलीत तर ऑगस्टमध्ये दार उघडल्यावर गादीवर हिरवळ दिसेल.

कंपनीवाल्यांना एकच विचारा. खाली चासीला लावलेलं कोटिंग किती वर्षांच्या हमीचं आणि किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला ती हमी लागू आहे का? छापील कागदावर घ्या.

खाडीपलीकडे
@हर्णै_बंदर वाखूण साठवली. चिपळूणच्या गाडीला स्क्रूभोवती ती पांढरी भुकटी आहे, मला वाटलं होतं रंगकाम राहिलंय.

हर्णै_बंदर
मग भाव पाडून मागा, किंवा सोडा.

लीड्सकर
इकडे दर शरद ऋतूत हेच नाटक असतं, म्हणून गंमत वाटली. पुढच्या वर्षाच्या कॅरॅव्हॅन साधारण सप्टेंबरपासून दाखवायला लागतात, ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात मोठं प्रदर्शन भरतं आणि त्याआधी महिनाभर लोक अंधूक फोटोंवर तुटून पडलेले असतात. पडदा वर गेला की निम्म्या वेळा काय निघतं? नवे पडदे, नवं गादीचं कापड आणि बाजूला वेगळ्या रंगाचा पट्टा. आतली मांडणी तीच.

म्हणून इथले मुरलेले लोक फोटो बघत नाहीत, वजनाचा तक्ता मागतात. रिकाम्या तयार गाडीचं वजन आणि कमाल मंजूर वजन, यातला फरक म्हणजे तुम्हाला सामानासाठी उरलेली जागा. तुमच्या चौघांच्या गाडीचं गणित करून बघा. माणसं २८० किलो, शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो, ऑनिंग, बॅटऱ्या, सिलिंडर, खुर्च्या, आजीचं लोणचं. ४५०-५०० किलो कुठे गेले कळत नाही. छायाचित्रात सोफा कितीही मोठा असो, हा आकडा तोकडा असेल तर गाडी पहिल्या दिवसापासून ओव्हरलोड.

दुसरं दमटपणाचं. इथे जुनी कॅरॅव्हॅन घेताना ओल मोजायचं यंत्र घेऊन कोपरे न् कोपरे तपासतात, कारण पाणी शिरतं ते सांध्यातून आणि दिसतं ते वर्षभराने. लीड्सच्या पावसाची ही कथा, तर चिपळूणची काय असेल!

ओढायच्या कॅरॅव्हॅनबद्दल सांगतो. इथे नवशिक्यांना सल्ला देतात की तिचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि वेगाला ६० मैलांची मर्यादा असते, साध्या दुपदरी रस्त्यावर ५०. पण इथे रस्ते तसे आहेत. वर डिझेलदादांनी जो गडगा आणि लाल डबा सांगितलाय, तिथे ट्रेलर मागे घेणं म्हणजे... मी तरी घेणार नाही. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट फिरवावं लागतं, आणि मागे लोक "येऊ दे, येऊ दे" ओरडत असतात.

डिझेलदादा
"येऊ दे, येऊ दे" आणि मग एकदम "अरे थांब!!"

आरटीओ_पीडित
कागदांचं बोलतो, कारण तिथेच सगळी हौस फिटते.

मोटर कॅरॅव्हॅन हा आपल्याकडे मान्य प्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. कंपनीने त्याखाली मंजुरी घेऊन विकलेली गाडी वेगळी आणि गॅरेजात सीटं काढून पलंग ठोकलेली गाडी वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यावर कडक निकालही दिलाय. @खाडीपलीकडे, चिपळूणच्या गाडीच्या आरसी बुकात गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते बघा. तिथे प्रवासी बस असं असेल आणि आत स्वयंपाकघर असेल, तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी.

खासगी वापराची कॅम्पर व्हॅन विना-वाहतूक वर्गात येते, पांढरी पाटी. भाड्याने देणार असाल तर पिवळी, आणि चालक न देता स्वतः चालवायला देणार असाल तर काळ्यावर पिवळी अक्षरं. परवान्याचं विचारणाऱ्यांसाठी: साडेसात टनांपर्यंतची गाडी एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) परवान्यावर चालवता येते, सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर यावर वाद उरलेला नाही.

कासवमित्र
सगळं वाचलं. एक विनंती आहे आणि ती रागानेच करतोय.

ही नवी गाडी जाहिरातीत कुठे उभी केलेली दिसेल, सांगू? पुळणीवर. चाकं ओल्या वाळूत, मागे सूर्यास्त. आणि तो फोटो बघून लोक कर्दे, मुरुड, हर्णैच्या वाळूत गाड्या घालतात, भरती येते आणि मग गावातल्या पोरांनी ट्रॅक्टर आणायचा. हे दर सुट्टीत होतं. पण त्यापेक्षा वाईट ते दिसत नाही. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, वाळूच्या खाली हात-दीड हात. वरून गाडी गेली की वाळू दाबली जाते आणि पिल्लांना वर येता येत नाही. चाकाच्या खोल चाकोरीत पडलेलं पिल्लू समुद्राकडे जाण्याऐवजी चाकोरीतून आडवंच चालत राहतं.

साडेतीन-चार टनांची गाडी तिथे नेऊ नका. आणि कंपनीचा कोणी हे वाचत असेल तर जाहिरात सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर काढा. आमचे सडे काय कमी देखणे आहेत?

पोफळीखालून
+१००. आमच्या किनाऱ्यावरही हेच चालतं.

बोंबील_बहाद्दर
कासवमित्र, १००% सहमत. पण मग लावायच्या कुठे? २०२१ साली राज्याने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्क होते. केरळनेही त्याच वर्षी काढलं. पाणी, वीज, मैला ओतायची सोय असलेली जागा प्रत्येक तालुक्यात एक झाली तरी लोक पुळणीवर जाणार नाहीत.

कासवमित्र
जातील. पार्कातून समुद्र दिसत नसेल तर जातील.

पोफळीखालून
मला विचाराल तर मोठे पार्क नकोतच. एका जागी चाळीस गाड्या आल्या की पाणी कुठलं? मे महिन्यात आमच्याच विहिरी तळ गाठतात. त्यापेक्षा प्रत्येक गावात दोन-तीन घरांनी एकेक गाडीची जागा करावी. पैसा गावात राहतो आणि कोणी तोटी उघडली तर ओरडायला माणूस असतो.

बोंबील_बहाद्दर
काकू, तुमच्यासारखी ओरडणारी प्रत्येक घरी नसते. सोय सरकारी हवी, ओरडणं खासगी ठेवू.

पुणेरी_पाटी
सोय सरकारी झाली की तिला कुलूप लागतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. मी काकूंच्या बाजूने.

डिझेलदादा
दोघेही बरोबर आहात, पण धागा गाडीचा आहे.

जेट्टीवरचा
धागा गाडीचाच आहे ना? मग घ्या. आज जयगड-तवसाळ फेरीवर एक गाडी होती. अंगभर काळी-पांढरी नक्षीची पट्टी चिकटवलेली, लाल अक्षरांत चाचणीची पाटी, आत दोघं लॅपटॉप घेऊन. ऑनिंगची कड फोटोतल्यासारखीच. आकाराने मोठीच म्हणायची, चौघांची असावी.

सुरमई_फ्राय
फोटो!!!

बोंबील_बहाद्दर
फोटोशिवाय प्रतिसाद ग्राह्य धरला जाणार नाही.

जेट्टीवरचा
फोटो काढू दिला नाही, त्यातल्या एकाने हात आडवा घातला. पण जे बघायचं ते बघितलं. सुकतीची वेळ होती, पाणी बरंच खाली गेलेलं. अशा वेळी जेट्टीचा उताराचा खालचा भाग उघडा पडतो, शेवाळलेला, आणि बोटीचं फाळकं (गाड्या चढायची उतरती फळी) त्यावर टेकतं तिथे खोलगट कोन होतो. पुढची चाकं फाळक्यावर चढली, नाक वर झालं, आणि मागून कर्रर्र असा आवाज. सगळी बोट वळून बघायला लागली. मागे टांगलेलं स्टेपनीचं चाक आणि त्याच्या शेजारची सांडपाण्याची तोटी, दोन्ही काँक्रीटला घासत गेली. खाली उतरून ते दोघं बराच वेळ वाकून बघत होते. आमच्या खलाशाने त्यांना सांगितलं, "साहेब, भरतीला यायचं."

टॉर्क_रेंच
हे सोनं आहे. म्हणजे मागचा ओव्हरहँग, मागच्या चाकांपलीकडे लोंबणारा भाग, लांब आहे.

सगळ्यांसाठी सोपा हिशेब. मागच्या चाकापासून शेपटीपर्यंतचं अंतर मोजा आणि शेपटीखालची सगळ्यात खाली लोंबणारी वस्तू जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. ३५ सेंटिमीटर उंची आणि दोन मीटर अंतर असेल तर उताराचा कोन मिळतो जेमतेम १० अंश. स्टेपनी २५ वर लोंबत असेल तर ७ अंश. अंतर दीड मीटरवर आणलं आणि खालचं सगळं ४० च्या वर नेलं तर १५ अंश. सात आणि पंधरा यांत फेरीबोट मिळणं आणि न मिळणं एवढा फरक आहे. लहान गाडीत हे आपोआप बरं असतं.

हर्णै_बंदर
आणि त्यांनी टाकीची तोटी मागे का ठेवली? बाजूला, चाकांच्या मधे घ्यायची. तिथे घासत नाही.

पोफळीखालून
बाजूला घेतली तर वाकून बादलीही लावता येईल. माझ्या पोफळी वाचतील.

लीड्सकर
जेट्टीवरचा यांना त्या कंपनीने सल्लागार नेमावं. प्रदर्शनात गाडी सपाट गालिच्यावर उभी असते, तिथे हे कोणालाच दिसत नाही.

मालवणी_मसालो
मिया काय म्हटलंय? आदी येवंदे. इली आणि घासली!

खाडीपलीकडे
आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मालकाचा फोन आला होता. आरसीत प्रवासी बसच लिहिलंय, त्यामुळे चिपळूणची गाडी सोडली. नवीतली मोठी तर नकोच. दोघांसाठीची छोटी येईपर्यंत थांबतो.

आमच्याकडे गुहागरहून उत्तरेला जायचं तर धोपावे-दाभोळ, दक्षिणेला तवसाळ-जयगड. वर गेलात तर वेश्वी-बागमांडले आणि दिघी-आगरदांडा आहेतच. सागरी महामार्गाचे पूल पुरे होईपर्यंत या फेऱ्या नसतील तर प्रत्येक खाडीला वळसा घालायला अर्धा दिवस जातो. गाडी फेरीवर चढत नसेल तर ती कोकणात फक्त हायवेवर उभी राहणार.

डिझेलदादा
टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती घेऊ नका. गाडी जेट्टीवर मागवा.

जेट्टीवरचा
मागवा, पण वेळ बघून. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, सहा तासांनी सुकती. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचला पाणी तळाला. उधाणाची सुकती, महिन्यातल्या वाईटापैकी. त्या वेळी तुमची छोटी न घासता चढली तर डोळे झाकून घ्या.

टॉर्क_रेंच
दिवाळीनंतरची पहिली पौर्णिमा त्रिपुरी. पाच वाजता जयगड जेट्टी. मोजायची टेप माझ्याकडे आहे, ओल मोजायचं यंत्र लीड्सकरांनी पाठवावं. कोण कोण येतंय?

हर्णै_बंदर
मी. खालून वाकून बघायला टॉर्च आणतो.

पुणेरी_पाटी
मी एसटीने येईन.

सुरमई_फ्राय
कंपनीवाल्यांना सांगून ठेवा, शेगडी चालू करून दाखवायला लागेल. सुरमई मी आणते, तेल त्यांचं.